मिठागर, खाजण आणि आकाशांतील डोळा



भाईंदर आणि नायगांव यांच्या दरम्यान आगगाडी वसईची खाडी ओलांडते. त्या बाजूस लोहमार्गाच्या अलीकडेपलीकडे बांधांनीं आंखलेले चौकोनी वाफे पसरलेले दिसतात, आणि माघ-फाल्गुनाच्या सुमारास त्यांच्या कडेला मिठाच्या पांढऱ्या राशी उभ्या राहूं लागतात. खिडकीशीं बसलेल्या प्रवाशास ती एक शोभा वाटते. ज्यानें ती रास घातली त्याची ती वर्षाची मिळकत असते, आणि अवेळीं आलेल्या पावसानें तिचें पाणी होऊं शकतें. आजच्या भाषणाचा विषय हवामानाच्या नोंदी, कृत्रिम उपग्रह आणि शेती हा आहे. विषय मोठा, आणि तो ऐकतांच विदर्भांतील कापूस अगर मराठवाड्यांतील सोयाबीन यांची आठवण होणें साहजिक आहे. परंतु मुंबईच्या वेशीवरील या खाऱ्या पट्टींत तोच प्रश्न लहान आकारांत, आणि म्हणूनच स्पष्ट, पाहावयास मिळतो.

मीरा-भाईंदर म्हटलें कीं आज डोळ्यांपुढें येतात ते उंच उंच इमले. १९८५ सालीं नगरपालिका झालेल्या व २००२ सालीं महानगरपालिकेच्या दर्जास चढलेल्या या शहराची वस्ती २०११ च्या शिरगणतींत ८,०९,३७८ भरली. इतक्या माणसांत शेतकरी तो किती असणार? तथापि राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन हीं गांवें या शहराच्याच पोटांत आहेत. तेथील जुन्या घराण्यांचा संसार पावसाळ्यांतील भात, उन्हाळ्यांतील मीठ आणि समुद्रावरील मासळी यांवर उभा होता. मिठागरांपैकीं पुष्कळ आतां पडीक आहेत, कांहीं अद्याप चालतात. भाताचीं खाचरें व भाजीचे वाफे यांचीहि तीच अवस्था. आगरी हें नांव 'आगर' या शब्दावरून आलें, आणि आगर जसें मिठाचें तसें नारळी-पोफळीचेंहि असतें. मराठींत मीठ 'पिकवतात', आणि तो शब्द यथार्थ आहे.

भरतीचें पाणी उघाडींतून आंत घ्यावयाचें, तें एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत फिरवीत उन्हावाऱ्यानें आटवावयाचें, असें हें पीक आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. बोमे नांवाच्या मापकावर तें पाणी साडेतीन अंशांच्या आंतबाहेर भरतें. तोच अंक पंचविसांच्या घरांत गेला म्हणजे मिठाचे कण जमूं लागतात. साडेतीनापासून पंचविसांपर्यंतच्या या प्रवासाला ऊन लागतें, वारा लागतो, आणि सर्वांत अधिक धीर लागतो. आतां एक लहानसा हिशेब पाहावा. एक गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर जमीन. तिच्यावर एक सेंटीमीटर पाऊस पडला तर हजार लिटर गोडें पाणी आलें. एक सेंटीमीटर ही आषाढांतल्या मुंबईकराच्या लेखीं क्षुल्लक सर. तो तिची गणनाहि करणार नाहीं. मिठागरांत मात्र तेवढ्यानें कित्येक दिवसांचें ऊन धुऊन जातें. डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यांत ओखी नांवाच्या चक्रीवादळामुळें मुंबईच्या किनाऱ्यावर ऐन हिवाळ्यांत पाऊस झाला. शहरानें शाळा बंद ठेवून तो दिवस निभावला. ज्यांचे वाफे नुकतेच डागडुजी करून तयार झालेले असतात, त्यांच्या दृष्टीनें अशा पावसाचा अर्थ निराळा होतो.

या गांवांच्या पाठीशीं खाजणें आहेत. समुद्राला बांध घालून शेतीसाठीं मिळविलेली ही जमीन. हिच्यासाठीं मुंबई इलाख्यांत १९४८ सालीं स्वतंत्र खार जमीन कायदा करावा लागला होता. येथील भाताचें गणित मिठागराच्या अगदीं उलट आहे. उन्हाळ्यांत जमिनीच्या पोटांतील क्षार वर येऊन पापुद्र्यासारखे साचतात. पहिल्या पावसांनीं ते धुऊन उघाडीवाटे बाहेर गेल्यावांचून बीं टाकण्यांत अर्थ नसतो. पुष्कळ ठिकाणीं बीं भिजवून, मोड आणून चिखलांत फेंकतात. त्यास रहू म्हणतात. मोड आलेलें बीं कोणासाठीं थांबत नाहीं. तें टाकल्यावर पावसानें आठ-दहा दिवस दडी मारली, तर जमीन सुकते, खालचें खारें पाणी वर चढतें आणि कोंवळें रोप करपतें. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानें 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' असे क्षार सोसणारे वाण दिले आहेत. त्यांच्याहि आधींचा 'राता' हा वाण कोंकणच्या खारपट्ट्यांत सुपरिचित आहे. पण क्षार सोसणाऱ्या भातालाहि बाळपणीं गोडें पाणी लागतें.

तेव्हां एकाच गांवांत, एकाच घरांत म्हणा ना, वैशाख संपतांना एक भाऊ पाऊस लांबावा म्हणून आकाशाकडे पाहतो, तर दुसरा तो यावा म्हणून. दोघांनाहि माहिती हवी असते ती एकच: येत्या पांच-सात दिवसांत आपल्या बांधावर पाऊस किती?

जुन्या पिढीनें याचें उत्तर पंचांगांत शोधलें. जूनच्या ७-८ तारखेस सूर्य मृग नक्षत्रांत जातो. त्या नक्षत्राचें वाहन बेडूक कीं म्हैस कीं कोल्हा, हें पाहून पावसाचा अंदाज बांधीत. सहदेव-भाडळीच्या नांवावर चालणाऱ्या वचनांचाहि आधार असे. या सर्वांची थट्टा करणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. त्यांत अनेक पिढ्यांचें निरीक्षण सांठलेलें आहे. अडचण एवढीच कीं तें निरीक्षण सरासरीचें आहे, आणि शेतकऱ्याला पेरणी सरासरींत करतां येत नाहीं. ती त्या त्या वर्षीं करावी लागते. भारतीय हवामान खात्यानें २०२० सालीं मुंबईस मोसमी पाऊस पोंचण्याची सर्वसाधारण तारीख १० जूनऐवजीं ११ जून, आणि परतण्याची २९ सप्टेंबरऐवजीं ८ ऑक्टोबर अशी बदलली. यांतील दुसरा बदल अधिक बोलका आहे. तयार भात शेतांत उभें असतांना पाऊस रेंगाळूं लागला आहे. आणि सरासरीच्या दोहों बाजूंस काय घडतें? २०२३ सालीं मोसमी पाऊस मुंबईस पोंचला तो २५ जून रोजीं. दोनच वर्षांनीं, २०२५ सालीं, तो २६ मे रोजीं येऊन ठेपला; नोंदी ठेवूं लागल्यापासून इतक्या लवकर तो कधींहि आला नव्हता. त्याच्या आधींची सर्वांत लवकरची तारीख १९५६ सालच्या २९ मेची होती. दोन वर्षांत महिन्याचा फरक! मृगाचा बेडूक यांत कोठें बसवावा?

तथापि त्याच जुन्या पिढीपाशीं एक ठोकताळा असा होता कीं त्याला आजहि नांवें ठेवतां येत नाहींत. भरतीची वेळ काढावयाची असेल तर तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन वाजतां भरती. अष्टमीला सहा वाजतां. पुनवेला व अवसेला साडेअकरा-बाराच्या सुमारास, आणि तीहि उधाणाची. मिनिटांचा फरक राहतो, परंतु उघाडीचें दार लावावयाला अगर होडी लोटावयाला तो आड येत नाहीं. चंद्र, सूर्य आणि पृथ्वी यांच्या आकर्षणाचें गणित पंडितांनाहि घाम फोडणारें आहे. खाडीकांठच्या निरक्षर आगऱ्याच्या हातीं तें पाऊणकीच्या पाढ्याच्या रूपानें आलें, आणि तो पाढा त्याच्या तोंडीं होता. पुढें ज्या यंत्रांचें वर्णन यावयाचें आहे, त्यांची परीक्षा याच कसोटीवर करावी. त्यांच्या अफाट ज्ञानाची अशी पाऊणकी कोणी केली आहे काय?

मुंबईला या शास्त्राचा वारसा जुना आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. भारतीय हवामान खातें १८७५ सालीं निघालें, आणि १८८६ सालीं त्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनीं हिमालयांतील बर्फाचें मान पाहून पावसाचें भाकित प्रसिद्ध केलें. १९२८ सालीं खात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें. पुण्यांतील त्या चौकाला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात. तेथें १९३२ सालीं डॉ. एल. ए. रामदास यांच्या देखरेखीखालीं शेतकी हवामानशास्त्राची शाखा सुरू झाली. जमिनीलगतची हवा, दंव, मातीची ऊब, पिकाच्या अंगाचें पाणी या गोष्टींचें मोजमाप हिंदुस्थानांत पद्धतशीरपणें तेथून चालूं झालें. आणि नभोवाणीच्या श्रोत्यांस कौतुक वाटेल अशी गोष्ट ही कीं, १९४५ सालीं शेतकऱ्यांसाठीं हवामानाचें वार्तापत्र निघूं लागलें, तें या ध्वनिलहरींवरूनच. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या खेड्याला पाऊस-वाऱ्याची शास्त्रीय वार्ता प्रथम कानांवाटे मिळाली.

त्या वार्तेंत एक उणीव होती, आणि ती आजहि पुरी भरून निघालेली नाहीं. वार्ता जिल्ह्याची असे. शेत गांवांत असे. २६ जुलै २००५ चा दिवस मुंबई-ठाण्याकडील कोणाच्या स्मरणांतून गेला असेल असें वाटत नाहीं. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेनें ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर. शहर एक, दिवस एक, लोकल गाडीनें तासाभराचेंहि अंतर नाहीं, आणि पाऊस एकीकडे दुसऱ्याच्या जवळजवळ तेरापट! त्या दिवशीं कुलाब्याचा अंक घेऊन कोणी कुर्ल्याच्या नुकसानीचा अंदाज केला असता तर त्यास काय म्हणावें? परंतु तालुक्याच्या एका पर्जन्यमापकावरून चाळीस गांवांच्या पिकाचा न्याय करण्याची चाल पुष्कळ वर्षें बिनबोभाट चालूं होती.

महाराष्ट्र सरकारनें यावर जो उपाय योजला त्याचें नांव 'महावेध'. स्कायमेट या खाजगी हवामानसंस्थेच्या साह्यानें महसूल मंडलाच्या ठिकाणीं स्वयंचलित केंद्रें उभारण्याचें हें काम २०१६-१७ च्या सुमारास हातीं घेण्यांत आलें, व राज्यांत अशीं दोन हजारांहून अधिक केंद्रें झालीं. खांबावर बसविलेलें हें यंत्र पाऊस, उष्णमान, हवेंतील दमटपणा व वारा यांची नोंद दर दहा मिनिटांनीं करून आपण होऊन पाठवितें. तालुक्यावरून मंडलावर येणें ही मोठी मजल होय. तथापि मंडलांतहि अनेक गांवें येतात, आणि कोंकणांतील सर डोंगराच्या एका अंगास कोसळून दुसऱ्या अंगास कोरडें ठेवते, हें तेथील शाळकरी मुलालाहि ठाऊक असतें.

यंत्रांच्या मधल्या या रिकाम्या जागा भरून काढण्यासाठींच आकाशांतील डोळ्याची गरज लागते. हे डोळे मुख्यतः दोन जातींचे. विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटरांवर पृथ्वीच्याच वेगानें फिरत असल्यामुळें एका जागीं स्थिर भासणारे, ही पहिली जात. २०१६ चा इन्सॅट-३डीआर आणि १७ फेब्रुवारी २०२४ रोजीं सोडलेला इन्सॅट-३डीएस हे या जातीचे. अर्ध्या अर्ध्या तासानें ते सबंध हिंदी महासागराचें चित्र पाठवितात. अरबी समुद्रांत ढगांचें चाक फिरूं लागलें कीं तें किनाऱ्यावर येण्याच्या कित्येक दिवस आधीं दिसतें. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळ मुंबईवरून समुद्रांतून पुढें गेलें आणि सांताक्रूझला सुमारें २३० मिलिमीटर पाऊस झाला, मे महिन्यांतील एका दिवसाचा तो उच्चांक. परंतु तें येणार हें आधींपासून ठाऊक होतें, आणि होड्या माघारीं बोलावण्यास अवधि मिळाला. मिठाच्या राशीवर ताडपत्री घालणें, तयार मीठ वखारींत हलविणें, आटलेलें दाट पाणी खोल खड्ड्यांत राखून ठेवणें, या सर्वांस दोन-तीन दिवस मिळाले तरी पुष्कळ. मात्र या उंचावरच्या डोळ्याला बारीक दिसत नाहीं. त्याच्या चित्रांतील लहानांत लहान ठिपका एक किलोमीटर लांब व तेवढाच रुंद, म्हणजे अडीचशें एकरांच्या आंतबाहेरचा; राई गांवचें शिवार आणि शेजारचा इमला त्यांत एकजीव होऊन जातात.

दुसरी जात सहाशें-आठशें किलोमीटरांवरून ध्रुवांवरून ध्रुवांकडे फिरणारी. पूर्वी या चित्रांना मोल पडे. अमेरिकेनें १९७२ पासून चालत आलेल्या आपल्या लँडसॅट मालिकेचीं चित्रें २००८ सालीं सर्वांस विनामूल्य केलीं, आणि युरोपांतील सेंटिनेल उपग्रहांनीं तोच कित्ता गिरवला. सेंटिनेल-२ च्या चित्रांतील एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटर असतो. शंभर चौरस मीटर! विलायतेंतील यंत्रशास्त्रज्ञांस गुंठा ठाऊक नसणार, पण त्यांनीं जो ठिपका निवडला तो नेमका आपल्या गुंठ्याएवढा निघाला. कोंकणांतील चार-पांच गुंठ्यांचें भातखाचर त्यामुळें चार-पांच ठिपक्यांचें होऊन चित्रांत उमटूं शकतें.

हिरव्या पानाचा एक गुण येथें कामास येतो. पान आपल्या पोषणासाठीं सूर्यप्रकाशांतील तांबडा किरण गिळतें, आणि तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांस न दिसणारा अवरक्त किरण परत फेंकतें. पीक निरोगी व दाट असेल तितकें हें अंतर मोठें. पीक सुकलें अगर रोगट झालें कीं अंतर घटतें. या एका गुणाचा उपयोग हिंदुस्थानांत प्रथम झाला तो केरळांत. १९७० च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी यांनीं अवरक्त छायाचित्रांच्या साह्यानें हवेंतून माडांच्या मूळकुजव्या रोगाचा शोध घेतला. पुढें १७ मार्च १९८८ रोजीं आयआरएस-१ए हा आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह अवकाशांत गेला, आणि २०१२ सालीं दिल्लींत महालनोबीस यांच्या नांवानें राष्ट्रीय पीक-अंदाज केंद्र स्थापन झालें.

येथें कोंकणचा शेतकरी एक रास्त शंका काढील. ज्या चार महिन्यांत भात शेतांत असतें, ते चारहि महिने आकाश ढगांनीं भरलेलें असतें. मग या डोळ्याला दिसणार काय? शंका बिनतोड आहे, आणि तिचें उत्तर रेडार उपग्रहांनीं दिलें. हे प्रकाशाची वाट पाहत नाहींत. आपणच लहरी सोडतात आणि परतणारा पडसाद टिपतात. ढग त्यांस आडवत नाहींत. पाणी भरलेलें खाचर आरशासारखें लहरी दुसरीकडे उडवून लावतें, म्हणून चित्रांत तें काळें दिसतें. रोप वाढूं लागलें कीं तोच तुकडा उजळत जातो. काळ्याचा उजळ केव्हां झाला यावरून लावणी कोणत्या आठवड्यांत झाली हें सांगतां येतें, आणि उजळलेला तुकडा अकस्मात् पुन्हां काळा पडला तर पीक पुराखालीं गेलें हेंहि कळतें. ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार हा भारत व अमेरिका यांचा संयुक्त उपग्रह याच कामाचा असून तो दर बारा दिवसांनीं त्याच भूमीवर परत येतो.

आतांपर्यंत जें सांगितलें तें ज्ञानाविषयीं झालें. परंतु गेल्या कांहीं वर्षांत या नोंदींचें स्वरूप बदललें आहे, आणि शहरांतील सुशिक्षितांनीं लक्ष घालावें असा भाग हाच आहे. नोंद आतां पुरावा झाली आहे. कोंकणांतील आंबा-काजू आणि डहाणू-घोलवडकडील चिकू यांच्यासाठीं जो हवामानावर आधारलेला फळपीक विमा आहे, त्यांत बागेंत जाऊन फळें मोजीत नाहींत. नेमलेल्या हवामान केंद्रावर पाऊस आणि दमटपणा ठराविक मर्यादेच्या वर सलग ठराविक दिवस राहिला, तर भरपाई. न राहिला, तर नाहीं. ही पद्धति झटपट खरी, आणि तींत वशिल्याला जागा कमी, हेंहि मान्य केलें पाहिजे. पण यंत्र मंडलाच्या गांवीं कोरडें राहिलें आणि सर आठ किलोमीटरांवरच्या बागेवर कोसळली, तर कुजलेलें फळ दाखवूनहि बागाईतदाराला कांहीं मिळावयाचें नाहीं. त्याचा पाऊस कागदावर पडलेलाच नसतो. धान्याच्या पिकांकरितां २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री विमा योजनेंत पीककापणीचे प्रयोग करून उत्पन्न काढीत. २०२३ पासून भात व गहूं यांच्या बाबतींत उपग्रहादि साधनांनीं काढलेल्या अंदाजास निदान तीस टक्के वजन देण्याचें ठरलें. त्याच वर्षीं हवामान केंद्रांचें जाळें अधिक दाट करण्यासाठीं 'विंड्स' या नांवाची योजनाहि केंद्र सरकारनें पुढें आणली. दिशा योग्य आहे. आकाशांतून घेतलेलें चित्र तलाठ्याच्या मर्जीवर अवलंबून नसतें. पण ज्या चित्रावरून पैसा द्यावयाचा तें चित्र, आणि ज्या यंत्रावरून मर्यादा ठरली तें यंत्र, शेतकऱ्याला स्वतः पाहतां आलें पाहिजे. त्याच्या गुंठ्याचा ठिपका त्याला ओळखतां आला पाहिजे. न्यायालयांत साक्षीदाराची उलटतपासणी होते, मग यंत्राची कां होऊं नये?

आणि पाऊणकी? ती करण्याचें काम हवामान खातें व कृषि विद्यापीठें मिळून करीत असतात. दर मंगळवारीं व शुक्रवारीं पुढील पांच दिवसांचा अंदाज आणि त्याबरोबर सल्ला असें पत्रक निघतें. २०१९ सालीं 'मेघदूत' नांवाचें फोनवरील साधनहि आलें. कालिदासाच्या यक्षानें मेघाकरवीं निरोप धाडला होता, येथें मेघाचाच निरोप घरोघर येतो. पण पत्रक आणि शेत यांच्यामध्यें एखादें माणूस लागतें. "अमुक मिलिमीटर पाऊस संभवतो" या वाक्याचें "परवांपर्यंत रहू टाकूं नका" असें भाषांतर त्या पट्टीची माती ओळखणाऱ्यालाच करतां येतें. हेंच जाणून २०१८ पासून ठिकठिकाणच्या कृषि विज्ञान केंद्रांत १९९ जिल्हा कृषि-हवामान केंद्रें काढण्यांत आलीं होतीं. २०२४ सालीं तीं बंद झालीं. उपग्रहास लागणाऱ्या खर्चाच्या मानानें या दुभाष्यांचा खर्च किरकोळ होता. काटकसर नेमकी तेथें करण्यांत आली हें दुर्दैव होय. वरचे विद्यापीठांतले मोठे विभाग राहिले, पण ते दूर पडले.

साधन कितीहि सूक्ष्म असलें तरी तें ज्याच्या धंद्याला जुळेल त्यालाच उपयोगी, याचें उदाहरण उत्तनच्या किनाऱ्यावर मिळतें. हैदराबादचें राष्ट्रीय महासागर माहिती केंद्र ओशनसॅट उपग्रहांवरून समुद्राचा रंग आणि पृष्ठभागाचें उष्णमान पाहून मासळी कोठें जमण्याचा संभव आहे हें कळवितें. रंगावरून हरितद्रव्य, हरितद्रव्यावरून सूक्ष्म वनस्पति आणि त्यांच्यामागें मासे, अशी ही सांखळी. फिरत्या जाळ्यांच्या कोळ्यांस याचा लाभ होतो. उत्तन-वसईकडील डोल जाळें मात्र समुद्रांत एका ठिकाणीं रोवलेलें असतें, आणि भरती-ओहोटीच्या ओढीनें बोंबील त्यांत शिरतो. जाळें उचलून माशामागें नेतां येत नाहीं, म्हणून डोलकराला मासळीच्या नकाशाचें अप्रूप कमी. त्याला हवी असते ती वादळाची सूचना, आणि त्याच्या घरच्या बायकांना हवी असते ती दोन-तीन कोरड्या दिवसांची हमी. कारण वलांडीवर टांगलेल्या बोंबलावर अवकाळी सर पडली कीं तो माल हातचा गेला. ज्या उपग्रहाला बोंबलाचा ठावठिकाणा विचारावा, त्याच्याहून ढगावर नजर ठेवणारा उपग्रह येथें अधिक मोलाचा.

आतां मीरा-भाईंदरच्याच हद्दींत करण्यासारखें एक काम राहतें, आणि तें अगदीं साधें आहे. उपग्रहाच्या अंदाजाची सत्यता पडताळावयाची तर खालीं जमिनीवर मोजलेला पाऊस लागतो. असे जितके अंक अधिक, तितका वरचा अंदाज सुधारतो. साधें पर्जन्यमापक हें फारशा खर्चाचें यंत्र नव्हे. सकाळीं साडेआठ वाजतां त्यांतील पाणी मोजून वहींत लिहावयाचें, एवढाच त्याचा आचार. शाळेंतील वरच्या वर्गाच्या मुलांना तो सहज पाळतां येईल. राई, मोर्वे, डोंगरी, उत्तन येथील शाळांनीं दहा वर्षें अशा वह्या ठेवल्या, तर खाजणांतील क्षार धुण्यास प्रत्येक वर्षीं किती पाऊस लागला आणि तो कोणत्या तारखेस पुरा झाला, हें प्रथमच आंकड्यांत सांगतां येईल. रहूच्या पेरणीची पाऊणकी त्यांतून निघूं शकेल.

यंत्र बसविण्याचा एक नियम तेवढा कटाक्षानें पाळावा लागतो. जवळची भिंत, झाड अगर इमारत जितकी उंच असेल, तिच्या निदान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक उघड्यावर असावें, नाहींतर आडोशामुळें पाऊस कमी भरतो. वीस मजल्यांचा इमला साठ मीटर उंच धरला, तर चहूंकडे एकशेंवीस मीटर मोकळी जागा हवी. स्टेशनाच्या दोन्ही बाजूंस आज अशी जागा शोधूं गेल्यास ती बहुधा मिठागरांतच मिळेल.